प्लेटलेट कमी, त्यात डिप्रेशनची गोळी… घेऊ की नको?

"ताई, मला आयटीपी आहे (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार), प्लेटलेट काउंट साठ हजाराच्या आसपास असतो. मानसोपचार डॉक्टरांनी सर्ट्रालिन लिहून दिली पण आतल्या कागदावर रक्तस्रावाचं वाचलं आणि पाकीट फोडलंच नाही. रक्ताच्या डॉक्टरांना डिप्रेशनचं सांगायची लाज वाटते. - घाबरलेली"

अगं घाबरलेली, कागदावर लिहिलंय ते खरंच आहे, पण म्हणून गोळी घ्यायचीच नाही असं त्यात कुठेय? सेरोटोनिन नावाचं रसायन प्लेटलेट स्वतः बनवत नाहीत, रक्तातून उचलून साठवतात आणि कुठे कापलं खरचटलं की सोडतात, त्याने गुठळी धरायला मदत होते. तुझी गोळी हे उचलणंच अडवते. म्हणजे काउंट सहसा तेवढाच राहतो, काम जरा ढिलं पडतं, त्यामुळे नुसत्या सीबीसीच्या (रक्ततपासणीच्या) आकड्यावर विसंबू नकोस, अंगाकडे बघ, पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, नेहमीपेक्षा जास्त पाळी, असं काही दिसलं की डॉक्टरांना कळव. शी काळी झाली किंवा अचानक जोरात डोकं दुखलं तर मात्र थेट इमर्जन्सी गाठ.

खरा घोळ पेनकिलरने होतो बरं का. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यातलं काही मनाने घेऊ नकोस, या गोळीसोबत तर नाहीच.

आता लाजेचं. दोन डॉक्टर तुला तपासतायत आणि एकाला दुसऱ्याचं माहीतच नाही, हे मला त्या गोळीपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं! उद्याच फोन कर, दोघांनाही दोन्ही आजार सांग, दोन्ही प्रिस्क्रिप्शनचे फोटो पाठव. मर्टाझापिन, बुप्रोपियॉन ही डिप्रेशनचीच औषधं सेरोटोनिनच्या त्या भानगडीत फारशी पडत नाहीत, ती तुला चालतील का विचार, ठरवू देत त्यांना. आणि हो, आयटीपीसाठी स्टिरॉइड चालू आहेत का ते लिहिलंच नाहीस, त्यानेही झोप उडते, मूड पार कोसळतो, तेही सांग.

गोळी सुरू झाली की मग मनाने बंद करायची नाही, एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि या मधल्या दिवसांत जगणंच नकोसं वाटायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव आणि हॉस्पिटलला जा, काउंट कितीही असू दे.