आईच्या वतीने सही करताना

प्रश्न : माझ्या ७६ वर्षांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिच्यावर उपचार चालू असलेल्या रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीसाठी माझ्या हाती संमतीपत्र दिले असून एथिक्स कमिटीची (संशोधन रुग्णांसाठी योग्य आहे ना, हे तपासणाऱ्या समितीची) मान्यता असल्याचे सांगितले आहे. आईला यातले काही समजत नाही. तिच्या वतीने मी सही करावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सही तुम्हाला करता येईल, मात्र त्या सहीने आईचा नकार पुसला जात नाही. स्मृतीचा गंभीर विकार २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत येतो. त्यातील कलम ९९ प्रमाणे, ज्या व्यक्तीला स्वतः संमती देता येत नाही पण जिचा सहभागाला विरोधही नाही, अशाच व्यक्तीचा चाचणीसाठी विचार करता येतो, आणि त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची संमती, एथिक्स कमिटीची मान्यता व राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी या तिन्ही गोष्टी लागतात. आईने पूर्वी असा प्रतिनिधी म्हणून कोणाला नेमले नसेल, तर नातेवाईक म्हणून ही जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. संमती देऊ शकणाऱ्या रुग्णांवर हे संशोधन का होऊ शकत नाही, याचे उत्तरही संशोधकांकडे असले पाहिजे. तेव्हा केवळ कमिटीच्या मान्यतेवर न थांबता प्राधिकरणाचे पत्र दाखवायला सांगा.

कमिटीत किमान सात सदस्य, त्यातले निदान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि एक तरी सर्वसामान्य नागरिक असावा, असे २०१९चे औषध-चाचणी नियम सांगतात. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई कशी मिळेल, हे संमतीपत्रात लिहिलेले असते. तो भाग सावकाश वाचा.

मला अधिक काळजी वाटते ती सहीनंतरच्या दिवसांची. रक्त घ्यायला आलेल्या परिचारिकेला पाहून आईने हात पदराखाली ओढून घेतला, तर "दोनच मिनिटं गं आई" म्हणत तो धरून ठेवण्याचा मोह घरच्यांनाच होतो, आणि तो मायेपोटीच होतो. तरीही ओढून घेतलेला हात हा विरोधच आहे, आणि तो संशोधकांच्या कानावर घालणे हे प्रतिनिधी म्हणून तुमचे काम आहे. दिलेली संमती तुम्ही केव्हाही मागे घेऊ शकता. त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

कागद घरी आणा. सकाळी आई जरा हुशारीत असते, असे पुष्कळ घरांत दिसते. तशा वेळी जवळ बसून, सुई टोचतील, वरचेवर दवाखान्यात जावे लागेल, इतके सोपे करून तिला विचारा, आणि ती काय करते ते पाहा.