वाचक विचारतात: इजिप्तवाल्या क्युरेटरला दिवसभर काम काय असतं?

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे, तिला प्राचीन इजिप्तच्या वस्तूंची क्युरेटर व्हायचंय. हे लोक नक्की करतात काय? ममी उघडतात का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, क्युरेटर म्हणजे म्युझियममधल्या वस्तू सांभाळणारा, अभ्यासणारा माणूस. ममी उघडायचे दिवस गेले, आता सीटी स्कॅन करतात, गुंडाळलेलं कापड जसंच्या तसं राहतं. बाकी दिवस जातो रजिस्टरं आणि जुनी पत्रं वाचण्यात, खरंच सांगतोय. वस्तू सापडली कुठे, खणली कोणी, देशाबाहेर गेली कशी, मधे कोणाकोणाच्या हातात होती, ही सगळी कुंडली काढायची आणि त्यातली दहा-वीस वर्षं गायब दिसली की सरळ संशय घ्यायचा.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचंच बघा ना. २०१७ मध्ये त्यांनी नेजेमांख नावाच्या पुजाऱ्याची सोन्याने मढवलेली शवपेटी जवळपास ४० लाख डॉलरला घेतली, सोबत १९७१ चा इजिप्तचा निर्यात परवाना, म्हणजे वरवर बघता सगळं ओके. पण शिक्क्यावर नाव अरब रिपब्लिक ऑफ इजिप्तचं, आणि परवान्याच्या तारखेला तो देश अजून युनायटेड अरब रिपब्लिकच होता, नवीन नाव आलं सप्टेंबर १९७१ मध्ये! परवाना बोगस निघाला, पेटी २०११ च्या इजिप्तमधल्या क्रांतीच्या गडबडीत चोरून बाहेर काढलेली, २०१९ मध्ये मुकाट्याने परत द्यावी लागली. एवढ्या मोठ्या म्युझियमला हे आधी दिसू नये याचं मला तरी नवल वाटतं. शिक्का वाचायला हायरोग्लिफ (प्राचीन इजिप्तची चित्रलिपी) यायची पण गरज नव्हती हो.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी इतिहास किंवा आर्किऑलॉजी (पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच), मग इजिप्टॉलॉजीसाठी, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या अभ्यासासाठी, परदेशात जावं लागेल. फ्रेंच आणि जर्मन आत्तापासून सुरू करा, उत्खननाचे कितीतरी रिपोर्ट त्याच भाषांत आहेत.

प्रश्न: काचेच्या कपाटात आपोआप फिरणाऱ्या इजिप्शियन मूर्तीचा व्हिडिओ पाहिला. फेक आहे ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: व्हिडिओ खरा आहे, त्यामागे शाप आहे असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं. मँचेस्टर म्युझियममधली नेब-सेनू नावाच्या माणसाची ही छोटी मूर्ती, साधारण इ.स.पू. १८०० ची. २०१३ मध्ये तिथल्या क्युरेटरच्या लक्षात आलं की कपाटाला कुलूप असूनही मूर्ती पाठमोरी होतेय, तो सरळ करून ठेवायचा आणि ती परत वळलेली. मग कॅमेरा लावला तर कळलं की दिवसा फिरते, रात्री ढिम्म! भूत असतं तर उलट झालं असतं ना. शेवटी कंपनं मोजणारा इंजिनिअर आला, त्याने सेन्सर लावला, तेव्हा निघालं असं की मूर्तीचा तळ सपाट नाही, खाली फुगीर आहे, त्यामुळे लोकांची पावलं आणि बाहेरच्या रस्त्यावरची रहदारी यांच्या बारीक हादऱ्यांनी ती इंचाइंचाने सरकत गोल फिरते. शेजारच्या मूर्ती जागच्या हलत नव्हत्या कारण त्यांचे तळ चांगले बसलेले. पब्लिसिटी मात्र म्युझियमला फुकटात मिळाली, हे पण खरं.

प्रश्न: ममी बघायला इजिप्तलाच जावं लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: छे हो. बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी घेतलेली आहे, कोलकाता, जयपूर, हैदराबादलाही आहेत. हैदराबादची ममी खराब व्हायला लागली होती तेव्हा २०१६ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या तज्ज्ञांनी तिच्यावर काम केलं, सीटी स्कॅन झालं आणि तिला नायट्रोजन भरलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पेटीत ठेवलं, म्हणजे कीड नाही, बुरशी नाही. बडोदा तुम्हाला जवळ पडेल, पण ट्रेनचं तिकीट काढायच्या आधी म्युझियम चालू आहे का ते फोन करून विचारा.