पट्टी सेव्ह झाली नाही आणि एररही आली नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी सातपूरला एका छोट्या फर्ममध्ये काम करतो. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याला आम्ही सी शार्पमध्ये डब्ल्यूपीएफचं (विंडोजवरच्या अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) अ‍ॅप करून दिलंय. खळ्यावर ट्रॅक्टर खाली झाला की वजन टाकून सेव्ह दाबायचं, मग टास्क.रन (मागच्या मागे काम चालवणारी सोय) मधून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या वजनाचा आणि पैशाचा हिशोब, सर्व्हरला जाते. परवा नेट गेलं होतं तरी स्क्रीनवर 'सेव्ह झालं' आलं आणि पट्टी गेलीच नाही. टास्क.रनला बाहेरून ट्राय-कॅच (ट्रायमध्ये चूक झाली तर कॅचमध्ये पकडायची) आहे, मग पकडलं का नाही?

उत्तर : कारण तुमच्या कॅचच्या हद्दीत फक्त टास्क सुरू होणं एवढंच घडलं. टास्क.रन लगेच परत येतं, खालची 'सेव्ह झालं'ची ओळ चालते, ट्राय संपतो, आणि नेटचं एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली एरर, येतं नंतर, दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे बाजूला चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर. ते त्या टास्कच्या आतच साठून राहतं, कोणी विचारलं तरच बाहेर येतं. डॉटनेट (सी शार्पचा कोड ज्यावर चालतो ती प्रणाली) 4 मध्ये, 2010 ला, असं न बघितलेलं एक्सेप्शन राहिलं तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) तो टास्क साफ करायला आला की अख्खं अ‍ॅप बंद पडायचं. 2012 च्या 4.5 पासून ते डीफॉल्टने गुपचूप गिळलं जातं, आणि मला विचाराल तर हे जास्त घातक आहे, कारण पट्टी शेतकऱ्याच्या पैशाची असते.

म्हणून ट्रायच्या आत टास्कला अवेट (काम संपेपर्यंत पुढची ओळ थांबवणारा, पण स्क्रीन न अडवणारा शब्द) लावा आणि 'सेव्ह झालं' त्या अवेटच्या खाली न्या, मग एक्सेप्शन बरोबर तुमच्या कॅचमध्ये येईल. त्यासाठी बटणाचा हँडलर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) एसिंक व्हॉइड, म्हणजे अवेट वापरणारा पण टास्क परत न देणारा, करावा लागेल, तिथे ते चालतं पण आतला सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये हवा, बाकी कुठेही एसिंक व्हॉइड लिहू नका, टास्क परत द्या. एसिंक व्हॉइडमधलं एक्सेप्शन कॉल करणाऱ्याला पकडताच येत नाही, ते थेट यूआयच्या, म्हणजे स्क्रीनच्या, डिस्पॅचरवर (स्क्रीनच्या थ्रेडची कामं रांगेने चालवणारा भाग) जातं आणि अ‍ॅप कोसळतं.

अवेटऐवजी .वेट() किंवा .रिझल्ट लावायचा मोह होतो, तो टाळा. यूआय थ्रेड अडकतो, आतल्या अवेटला परत यायला तोच थ्रेड हवा असेल तर स्क्रीन कायमची गोठते, वरून एक्सेप्शन अ‍ॅग्रिगेटएक्सेप्शनमध्ये (अनेक एक्सेप्शन एकत्र ठेवणारं वेष्टण) गुंडाळून येतं. दहा पट्ट्या टास्क.व्हेनऑलने एकदम पाठवत असाल तर अवेट त्यातलं एकच एक्सेप्शन फेकतं, म्हणून व्हेनऑलचा टास्क व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कॅचमध्ये त्याच्या एक्सेप्शन प्रॉपर्टीतली सगळी यादी बघा.

डिस्पॅचरअनहँडल्डएक्सेप्शन आणि अनऑब्झर्व्ह्डटास्कएक्सेप्शन हे न पकडलेल्या एक्सेप्शनची खबर देणारे इव्हेंट लावून लॉग लिहा, पण भरवसा त्यांच्यावर नको, दुसरा तर गार्बेज कलेक्शन होईल तेव्हाच उठतो, कधी कधी खूप उशिरा.

अजून एक, कॅचमध्ये नुसता मेसेज दाखवून थांबू नका, पट्टी त्याच पीसीवर फाइलमध्ये ठेवा आणि नेट आलं की पाठवा. पट्टीचा नंबर पीसीवरच तयार करा, कारण कधी कधी सर्व्हरवर नोंद झालेली असते आणि फक्त उत्तर येताना नेट जातं, तेव्हा तीच पट्टी दोनदा चढायला नको. कोडला हात लावायच्या आधी मात्र व्यापाऱ्याला फोन करा, परवाच्या काट्याच्या पावत्या मागवा आणि सर्व्हरवरच्या नोंदींशी एकेक जुळवून बघा, राहिलेली पट्टी एकच आहे का ते आधी कळू द्या.