मनू, तुझ्या अर्ध्या प्रदक्षिणेच्या प्रश्नाबद्दल

प्रिय मनू,

काल गणिताची वही मिटताना तू विचारलंस, "आई, वर्तुळ म्हणजे फिरून निघालो तिथेच यायला हवं ना? मग हरिपूरच्या देवळात तू मधूनच परत का फिरलीस? त्या पाण्याला घाबरलीस?" मी 'तसंच करतात' एवढंच म्हणाले. पण 'घाबरलीस' हे मला लागलं. रात्री झोप येईना, म्हणून लिहितेय. तुला काही पटवायचंय म्हणून नाही. मराठी अडलं तर विचार.

माझ्या लहानपणी श्रावणी सोमवारी आम्ही सांगलीहून हरिपूरला चालत जायचो. रस्त्याला चिंचेची मोठमोठी झाडं. गावात हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खोल खणलेली गोल कोठारं, तोंड लहान आणि पोट मोठं. माईआत्या आम्हाला त्यांच्या जवळपास फिरकू द्यायची नाही. पुढे कृष्णा आणि वारणा मिळतात, तिथे संगमेश्वर. दादामामाचं लक्ष देवळाआधी भडंगाच्या पुडीकडे. माझं सगळं लक्ष तुझ्या आजीचा हात सुटू नये याकडे, कारण श्रावणातली गर्दी म्हणजे नुसती ढकलाढकल.

तुझी आजी तेव्हा आत्ताच्या माझ्यापेक्षाही लहान होती. माझा डावा हात तिच्या उजव्या हातात, देव उजवीकडे. भिंतीच्या बाजूला मी, गर्दीच्या बाजूला ती. गोमुखापाशी आलो की थांबायचं. अभिषेकाचं पाणी तिथून बाहेर पडतं, ते ओलांडायचं नाही, एवढंच तिने सांगितलं होतं. मग मागे वळायचं. वळताना ती न चुकता हात बदलायची, म्हणजे परतीच्या वाटेवरही मी भिंतीकडेच. मला त्यात भीती कधी जाणवली नाही. उलट सगळ्या सोमवारात मला सुरक्षित वाटायचं ते तेवढ्याच वेळात.

आता तुझं गणित. देऊळ पूर्वाभिमुख आणि गोमुख उत्तरेला, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पूर्वेकडून निघून दक्षिण, पश्चिम करत उत्तरेला पोचलो की 270 अंश झाले. म्हणजे आपण अर्धी म्हणतो आणि चालतो पाऊण, तुझ्या पुस्तकातला मोठा कंस. तेवढंच परत. एकूण 540 अंश, दीड फेरी. सांगलीच्या गणपतीला एका प्रदक्षिणेत 360 होतात, शंकराला चालणं जास्तच पडतं. पण वर्तुळ पुरं होत नाही हे तुझं खरं आहे. उरलेला 90 अंशांचा कंस कितीही फेऱ्या मारल्या तरी तसाच राहतो.

तो तसा का ठेवायचा? पाण्याचा मान म्हणून, असं म्हणतात, आणि नदीकाठी वाढलेल्या मला ते आवडतं. पण 'ओलांडलं तर वाईट होतं' असं कुणी म्हणालं की मला ते नको वाटतं. तुला मी तसं कधी सांगणार नाही. मग मी स्वतः का वळते? बहुतेक पाय आपोआप वळतात म्हणून. हे उत्तर तुला पुरेसं वाटणार नाही, आणि मलाही वाटत नाही.

आमच्या शाळेत बाई खडूला दोरी बांधून फळ्यावर वर्तुळ काढायच्या. त्यांनीच सांगितलं होतं की भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त परिघ काढायला दोन गुणोत्तरं दिली : रोजच्या व्यवहाराला 22/7, बारकाईने हवं तर 3927/1250. दुसरं भागून बघ, 3.1416 येतं. हे सगळं मी पाठ केलं, पण त्याचा आजीशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही.

ते आलं काल रात्री. समज, आजी माझ्यापेक्षा दोन फूट बाहेरून चालायची. त्रिज्या 2 फुटांनी वाढली की परिघ 2 × 3.14 × 2, म्हणजे साधारण साडेबारा फुटांनी वाढतो. देऊळ लहान असो की प्रचंड, वाढ तेवढीच. गाभारा चौकोनी असतो, असं तू म्हणशीलच. तरी कोपऱ्यांवर ती गोलाईने वळली की चार पाव-वर्तुळं मिळून 2 फूट त्रिज्येचं एक वर्तुळ होतं, हिशेब तोच. आपल्या दीड फेरीला दीडपट कर. जवळजवळ 19 फूट. प्रत्येक प्रदक्षिणेला आजी माझ्यापेक्षा 19 फूट जास्त चालत होती, तेही गर्दीचे धक्के खात, आणि मला पत्ताही नव्हता.

पुढच्या वेळी हरिपूरला गेलो आणि तुला गोमुख ओलांडून वर्तुळ पुरं करावंसं वाटलं, तर कर. मला जरा लागेल, खोटं कशाला सांगू, पण मी हात धरून मागे ओढणार नाही. आधी आजीला मात्र एकदा विचार. तिला असं विचारलेलं आवडतं, आणि मी तर कधी विचारलंच नाही. रविवारी फोन आला की 19 फुटांचा हिशेबही तूच तिला सांग. आकृती काढून ठेव, ती दोन फूट कुठून आणलेस ते विचारेल.

तुझी,
आई