जवळच्या दोन-तीन मित्रांवर जास्त जीव असणं ख्रिस्ती प्रेमात बसतं का, की प्रेम सगळ्यांवर सारखंच हवं?

बसतं, अगदी बिनधास्त बसतं. तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यावर प्रेम कर अशी आज्ञा असताना प्रार्थनेत त्याच दोघांची नावं आधी येतात म्हणून अपराधी वाटतं, आणि त्यांना आभार म्हणायला गेलं तर ते विचित्र दिसेल का हीसुद्धा शंका आहे. पहिल्या भागात मला तरी काही प्रॉब्लेम दिसत नाही.

येशूकडेच बघा ना. शिष्य 12, पण डोंगरावर (जिथे त्याचं रूप पालटलं) आणि पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत जवळ घेऊन गेला ते पेत्र, याकोब आणि योहान, तिघंच. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर त्याचं प्रेम होतं असं योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात सरळ लिहिलंय, आणि लाजराच्या कबरेकडे जाताना तो रडला तेव्हा बघणारे लोकही म्हणाले की याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. म्हणजे जगासाठी जीव देणाऱ्यालाही ठराविक माणसं जवळची होतीच, आणि बागेतल्या त्या रात्री त्याने त्यांना माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली (ते झोपले ही गोष्ट वेगळी, जवळचे मित्रही झोपतात).

मला तर उलट वाटतं की सगळ्यांवर प्रेम करा हे आपण शिकतो तेच मुळात एकदोघांकडून, कारण आधी कुणीतरी आपल्यावर तसं केलेलं असतं. माझे वडील गेले त्या दिवशी माझ्या मित्राने काय केलं, माझा फोन हातातून घेतला, कॉन्टॅक्ट लिस्ट उघडली आणि कोपऱ्यात बसून एकेकाला कळवत राहिला, कारण तेच वाक्य परत परत बोलायची माझी ताकद नव्हती. मध्येच फक्त विचारायचा, हे काका कोण, यांना सांगायचं का. बायबलचं वचन वगैरे एकही सांगितलं नाही त्याने. नंतर कितीतरी प्रवचनं ऐकली असतील पण एकमेकांची ओझी वाहा म्हटलं की मला तो कोपऱ्यात फोन कानाला लावून बसलेलाच आठवतो.

आता आभार कसे मानायचे, तर त्यासाठी बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं वाचा पण सिद्धांत म्हणून नाही, मित्राची पत्रं म्हणून. फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, तो कैदेतून लिहितो की तुमची आठवण झाली की देवाचे आभार मानतो. हे तो नुसतं मनात देवाला म्हणून थांबला नाही, त्यांना लिहून कळवलं! रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात नावांची भलीमोठी यादी आहे, आपण बहुतेक जण ती गाळून पुढे जातो, पण त्यात प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला असं नेमकं सांगितलंय. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना अनेसिफर नावाच्या मित्राबद्दल म्हणतो की त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, रोममध्ये येऊन त्याने मला शोधून काढलं. आणि त्याच पत्रात हेही की त्रोवस शहरात राहिलेला झगा घेऊन ये आणि हिवाळ्याच्या आधी ये. मला हे फार आवडतं, एवढा मोठा प्रेषित पण मित्राकडे झगा मागायला संकोच नाही. मदत मागणं हाही विश्वासच आहे त्या माणसावरचा.

म्हणून नुसतं थँक्यू फॉर एव्हरीथिंग टाइप मेसेज नको, तो फॉरवर्डसारखा वाटतो. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा आणि त्यासाठी मी देवाचे आभार मानतो एवढं जोडा, बास. विचित्र वाटेल का, तर हो, थोडं वाटेलच. मी त्या मित्राला फोनवाली गोष्ट लिहून पाठवली तेव्हा त्याचा लगेच उलटा कॉल आला, पहिलं वाक्य काय तर तब्येत बरी आहे ना तुझी, रिपोर्ट वगैरे काही आलाय का. मग बराच वेळ बोलत बसलो.