उत्तर: फार्महाउसच्या डांबरी रस्त्याची तीन कोटेशनं, आणि त्यात नसलेला पाण्याचा हिशेब

भाऊ, तुमचं वाचून माझ्याच शेडसमोरचा रस्ता आठवला. तुमचं चोपड्याकडचं फार्महाउस, गेटपासून ओट्यापर्यंत १५० फूट लांब आणि १२ फूट रुंद डांबर, कडा तुटलेल्या, मधे जाळीदार भेगा. तीन ठेकेदारांनी भाव दिला, एकाने चौरस फुटावर, एकाने ब्रासवर (१०० घनफुटांचं माप), तिसऱ्याने ठोक. आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या तिप्पट. यात लुटतोय कोण, हा तुमचा प्रश्न. मला वाटतं कोणीच लुटत नसेल. तिघांनी तीन वेगळी कामं धरली आहेत, एवढंच.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. रावेरकडे केळी भरायची शेड आहे, भरलेल्या गाड्या रोज ये-जा करतात, आणि आतला रस्ता मी स्वतःच्या खिशातून केला, मग पुन्हा केला. तेवढीच आपली पात्रता.

मोजणी वगैरे तुम्हाला येतेच. माल मात्र स्वतः काढून ठेवा. तुमचे १८०० चौरस फूट म्हणजे १६७ चौरस मीटर. जुन्या डांबरावर २० मिमीचं कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, धरलं तर सरकारी रस्त्यांच्या मानकाप्रमाणे १० चौरस मीटरला १४.६ किलो डांबर आणि ०.२७ घनमीटर खडी. त्यावर बारीक चुरीचा सीलकोट (पाणी आत न जाऊ देणारा वरचा थर), त्याला १० चौरस मीटरमागे ६.८ किलो डांबर. म्हणजे तुमचं डांबर ३६० किलोच्या आसपास, खडी-चुरी मिळून दोन ब्रास, आणि टॅक कोटला (जुन्या थराला नवा चिकटवणारा पातळ हात) चाळीसेक किलो इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. तेल कंपन्या डांबराचा भाव दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात, त्यामुळे पक्का दर मी सांगत नाही. हिशेबापुरते किलोला ५० रुपये धरले तर डांबर झालं १८ हजारांचं. बाकीचा पैसा रोलर, मजुरी, वाहतूक आणि ठेकेदाराचा नफा. एवढ्याशा कामाला रोलर आणायचं आणि न्यायचं भाडंच जास्त बोचतं, म्हणून जवळपास कुणाचं काम निघत असेल तर त्याच हेलपाट्यात तुमचंही उरकून घ्या.

आता हा आकडा तिघांना दाखवू नका. त्यांना फक्त विचारा: कार्पेट किती मिमी, दाबल्यानंतरचं की मोकळं? टॅक कोट आहे का? कडा आणि खड्डे यातच की वेगळे? जीएसटी धरून की सोडून? चौरस फुटाचा स्वस्त भाव बहुतेक मोकळ्या जाडीचा निघतो. गाडीतून २५ मिमी पसरलेला माल रोलरखाली २५ राहत नाही.

तुम्ही त्या अमेरिकन व्हिडिओंचं लिहिलंय, बादलीतलं काळं सीलर ब्रशने फासलं की रस्ता नवा. ती त्यांची दर दोन-तीन वर्षांनी करायची देखभाल आहे, आणि तीही धड असलेल्या रस्त्याची. तिकडेसुद्धा कोलटारच्या (दगडी कोळशापासूनच्या डांबराच्या) सीलरवर वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये बंदी घातली. केसाएवढ्या भेगा असतील तर पातळ इमल्शन मारून वर चुरी टाका, जमतं. पेन्सिल आत जाईल अशी भेग आधी साफ करून इमल्शन आणि डस्टने (दगडाच्या भुकटीने) भरावी लागते. पण जाळी पडली असेल तर वरून काहीही फासा, पैसा पाण्यात. जाळीचा अर्थ खालचा थर गेला.

ते ओळखायची सोपी खूण सांगतो. मोठा पाऊस होऊन एखादा दिवस उघडीप झाली की सकाळी रस्ता बघा. काळ्या डांबरावर भेगांच्या रेषेत राखाडी चिखल वाळलेला दिसला, तर चाकाच्या दाबाने खालची काळी माती खडीतून वर येतेय. मग कडेला सब्बलने फूटभर लांब-रुंद उकरा. माझ्याकडे वर बोटभरही डांबर नव्हतं आणि खाली जी खडी असायला हवी ती चिखलात रुतून लाडवासारखी बांधली गेली होती. उकरणारा गडी म्हणाला, "भाऊ, पानी कथाईन येस ते पहिले देखा." म्हणजे पाणी कुठून येतं ते आधी बघा. एका कोटेशनमध्येही ही ओळ नव्हती.

पाणी येत होतं बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून, आणि इथेच माझा सगळ्यात जास्त पैसा गेला. त्या रस्त्यावर थरावर थर चढत तो माझ्या गेटपेक्षा उंच झाला. रुंदीकरणात निघालेली माती बाजूच्या चारीत लोटून दिली आणि चारी बुजली. मी ज्या कार्यालयाचा तो रस्ता आहे तिथे अर्ज दिला. एका टेबलाने सांगितलं, चारी आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, हद्दीत येते, म्हणून तुम्ही हात लावायचा नाही, पाइप टाकायची परवानगी मागा. परवानगी मागितली तर नकाशा हवा, नकाशा दिला तर त्यावर सही करणाऱ्याची बदली झालेली. जून-जुलैत दिलेल्या अर्जाची स्थळपाहणी झाली मे महिन्यात! पंचेचाळीस अंशांत, चारीत धूळ उडतेय, आणि साहेबांनी गाडीतून न उतरता शेरा मारला: पाणी साचल्याचे आढळले नाही. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

केळीचा हंगाम कागदासाठी थांबत नाही, म्हणून मधल्या काळात कार्पेट करून घेतलं होतं. ठेकेदाराचं काम चांगलं होतं, त्याला बोल लावणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात गेटपासूनचा पट्टा बसला. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आवळते, वरचं डांबर बिचारं काय करणार.

शेवटी परवानगीचा नाद सोडला. गेटच्या आत, आपल्या हद्दीत, रस्त्याच्या पूर्ण रुंदीचं आडवं गटार बांधलं, वर गाडीचं वजन पेलणारी लोखंडी जाळी, आणि पाणी शेताच्या कडेने नाल्यात सोडलं. पहिले वीस फूट डांबर काढून काँक्रीट केलं. याला कार्पेटपेक्षा जास्त खर्च आला, पण तो पट्टा तेव्हापासून हललेला नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: कोटेशनमध्ये तीन वेगळ्या ओळी मागा. एक, जाळी पडलेला भाग चौकोनी कापून काळी माती काढणं आणि मुरूम-खडी भरून दाबणं, ब्रासच्या भावाने, प्रत्यक्ष मोजून. दोन, साइडपट्टीला मुरूम आणि बाहेरच्या बाजूला उतार. तीन, कार्पेट आणि सीलकोट. पैसे कमी पडले तर तिसरी ओळ पुढच्या वर्षावर ढकला, पहिली नको. तुमच्या रस्त्याला लागून केळी आहे म्हणता, तर ड्रिपची शेवटची नळी कडेपासून थोडी आत घ्या. बांधावरचा सततचा ओलावासुद्धा कड खातो.

काम होळीनंतर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकलं तर उत्तम. पावसाळ्यात फक्त पिशवीतल्या कोल्ड मिक्सने (गरम न करता वापरायच्या डांबर-खडीने) खड्डे बुजवा, बाकी काही नको. आणि संध्याकाळी कोणी डंपर घेऊन आला, "पलीकडच्या कामावरचा माल उरलाय, स्वस्तात टाकून देतो," तर हात जोडा. एक तर तो माल कुणाचा हे आपल्याला माहीत नाही, दुसरं, हॉट मिक्स पसरताना १४० अंशांच्या आसपास हवं आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलर संपायला हवा. गावभर फिरून आलेल्या डंपरमध्ये ते राहत नाही. मालावर वाफ दिसत नसेल तर गाडी परत.

ठेकेदाराचे थोडे पैसे पोळ्यापर्यंत राखून ठेवायचं आधीच कागदावर लिहून घ्या, नंतर सांगितलं तर भांडण होतं. आणि नव्या डांबरावर ट्रॅक्टरवाल्याला रोटाव्हेटर खाली सोडून वळू देऊ नका. माझ्याकडे तो ओरखडा अजून आहे.