आधी जमीन बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बंद गिरणीचे तू पाठवलेले फोटो काल रात्री सावकाश बघितले. फुटक्या काचांतून येणारा उजेड, भिंतीतून उगवलेला पिंपळ, तुळईवर बसलेली कबुतरं. उजेडाची जाण तुला आहे. पण सगळ्या फोटोंत कॅमेरा वर रोखलेला आहे, जमिनीचा एकही फोटो नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आधी रागाचं बोलून घेतो. भिंतीवरून उडी मारून शिरलीस, तीही एकटी, आणि तीही भर पावसाळ्यात. असं पुन्हा करायचं नाही. विनापरवानगी शिरणं गुन्हा आहे हे तुला ठाऊक आहे, पण मला काळजी वाटते ती वेगळीच. कताईचं त्रासन खातं बहुतेक वरच्या मजल्यांवर असायचं. तिथल्या फळ्यांत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं आणि आता वरून पाणी. फळी दिसायला धड असते आणि आतून भुसा झालेली असते. मोजमापाच्या कामावर असताना अशाच एका फळीतून माझा पाय मांडीपर्यंत खाली गेला होता. सोबत दोघे होते म्हणून वर आलो. तळमजल्यावर यंत्रांचे खड्डे असतात, पाण्याने भरलेले, वर शेवाळ. अंधारात ती जमीनच वाटते. बॉयलरच्या पाइपांवर पांढरं, पोपडे सुटलेलं वेष्टन दिसलं तर हात लावू नकोस. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. मालकाची लेखी परवानगी, गिरणी सरकारी असेल तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, आणि सोबत दोन माणसं. एवढं जमलं तरच जायचं.

आता जमिनीचं. करवतीच्या दातांसारखं छप्पर तू छान टिपलंयस. त्या दातांची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे असते, म्हणजे आत सारखा उजेड मिळतो आणि ऊन थेट सुतावर पडत नाही. त्याच छपराखाली, त्याच जागी मान खाली घाल. फरशीत ठरावीक अंतरावर बोल्टांची भोकं दिसतील. ती साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या पायांची. भोकांच्या दोन ओळींमध्ये अरुंद बोळ उरतो, त्यात विणकर उभा राहायचा. माझे वडील अशा बोळात दोन साचे सांभाळायचे, एक पुढ्यात आणि एक पाठीशी. साच्यांच्या हादऱ्यामुळे साचेखातं तळमजल्यावर ठेवत. आवाज एवढा की माणसं ओठ वाचून बोलत, आणि घरी आल्यावरही वडिलांचा आवाज चढलेलाच असे.

खांबही बघ. बिडाच्या खांबाला माथ्याजवळ एक सपाट गाल असतो, त्यात बोल्टाची भोकं. खांब छप्पर पेलायचा हे कुणालाही कळतं. पण त्या गालावर कंस बसायचा, कंसावर लांबलचक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, फिरायचा आणि शाफ्टवरून चामडी पट्टा खाली प्रत्येक साच्यापर्यंत यायचा. एकाच वाफेच्या इंजिनावर सगळी गिरणी चालायची. 1915 मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि हळूहळू ही व्यवस्था मोडीत निघाली. खांबावरची भोकं मात्र राहिली.

इथे माझी एक चूक सांगतो, तुझ्या उपयोगाची आहे. एका गिरणीचा नकाशा काढताना इंजिनघराला लागून एक उंच, चिंचोळी खोली सापडली. तळापासून माथ्यापर्यंत मोकळी, आणि प्रत्येक मजल्याला भिंतीत आडवी फट. मी नकाशावर लिहिलं, ‘जिना, पाडलेला’. महिनाभर ते तसंच राहिलं. मग एक निवृत्त फिटर आले, नकाशा बघून म्हणाले, जिना असता तर पायऱ्यांच्या खुणा नसत्या का भिंतीत? त्यांनी मला त्या खोलीत नेलं आणि फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. इंजिनाच्या चाकावरून जाडजूड दोरखंड तिथून वर चढायचे आणि प्रत्येक मजल्याचा शाफ्ट फिरवायचे. पूर्वीच्या दोरांच्या वंगणाचं ते काजळ. मी टेप घेऊन महिनाभर तिथे फिरत होतो आणि ते मला दिसलं नव्हतं.

म्हणून एकट्याने जाऊ नकोस म्हणतो त्यात फक्त पडण्याची भीती नाही. काही गोष्टी भिंतीवर नसतातच. साचेखात्यात उभी राहशील तेव्हा धोटा डोळ्यांपुढे आण. आडवं सूत घेऊन साच्यात ये-जा करणारा, टोकाला लोखंड लावलेला लाकडी धोटा, पोटात सुताची कांडी. कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा. सूत असं तोंडाने ओढायचं म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात उभं करत नसत, आणि साचेखात्यात पगार जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्या शेडची लांबी-रुंदी मी कितीदा तरी मोजली आहे. आत येऊ न दिलेल्यांची खूण कुठल्या खांबावर सापडणार? ती माणसांकडूनच ऐकावी लागते.

आणि ही माणसं संपत आली आहेत. ताडदेवला 1856 मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्या वेळी पंचविशीत असलेला बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर येणारा, आज सत्तरीच्या घरात आहे, जॉबर म्हणजे मुकादम तर बहुतेक गेलेच. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जागेचं काय झालं ते तू वाचलंच असशील. 1991 च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीतली एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, असं होतं. 2001 मध्ये तो हिशेब फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. माझा त्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण तुला त्या रागाचा वारसा द्यायचा नाही, नकाशा द्यायचा आहे.

तिथून काही उचलू नकोस. एखादी कांडी पडलेली दिसेल, खिशात टाकावीशी वाटेल. ती कुठल्या खात्यात, कुठल्या खांबाजवळ पडली होती ते वहीत लिही, फोटो काढ, तिथेच ठेव. जागेवरून हलली की तिला खातं उरत नाही, ती नुसतं लाकूड होते.

पाऊस सरू दे. परवानगीचा अर्ज मी लिहितो, तू सही कर. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आपण तिघं जाऊ. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे, वाटेत ते सांगेन. तिसरे म्हणजे वडिलांच्याच खात्यातले एक काका. चार साचे चालवायचे. ऐकायला कमी येतं, तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून बोल, ओठ दिसले पाहिजेत. जिन्यावर ते थांबतील, घाई करू नकोस.

जाड तळव्याचे बूट घाल. बॅटरी, टेप आणि खडू आण. खडू विसरू नकोस, त्यांचे चार साचे कुठे होते ते आपल्याला जमिनीवर आखून घ्यायचंय.

तुझा,
काका